वैज्ञानिक शोध आणि विज्ञानकथेतील कल्पित : ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेच्या विशेष संदर्भात

बीजशब्द : विज्ञानकथा, जयंत नारळीकर, पर्यायी इतिहास, पुंजसिद्धान्त, कॅटॅस्ट्रोफी थिअरी, मोबियस पट्टी

प्रास्ताविक

मराठी विज्ञानकथेची चर्चा करताना समीक्षक आणि अध्यापक बहुधा दोन प्रश्नांपाशी थांबतात. कथेतील विज्ञान बरोबर आहे काय, हा पहिला. आणि या कथेतून वाचकाला कोणती वैज्ञानिक माहिती मिळते, हा दुसरा. दोन्ही प्रश्न गैरलागू नाहीत. परंतु कादंबरीतील ऐतिहासिक तपशील बरोबर आहेत एवढे सांगून ज्याप्रमाणे ऐतिहासिक कादंबरीची समीक्षा पूर्ण होत नाही, त्याचप्रमाणे विज्ञानाची शहानिशा करून विज्ञानकथेची समीक्षाही पूर्ण होत नाही. या दोन प्रश्नांमुळे विज्ञानकथा मराठीच्या वर्गातून उचलून विज्ञान शाखेच्या स्वाधीन केली जाते आणि तेथे तिला रंजक पूरक वाचनाचे स्थान मिळते. वाङ्मय म्हणून तिचा विचार राहून जातो, तो दोन्ही ठिकाणी.

प्रत्यक्ष वैज्ञानिक शोधाची प्रेरणा कथेमध्ये नेमकी कोठे जाऊन बसते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. एखादा सिद्धान्त कथेच्या शेवटी दिलेल्या स्पष्टीकरणात येतो, की पात्रांच्या वागण्यात आणि कथेच्या रचनेत मुरतो, यावर त्या कथेचे आयुष्य पुष्कळसे अवलंबून असते, असे येथे मांडावयाचे आहे. त्यासाठी डॉ. जयंत विष्णु नारळीकर यांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही कथा प्रामुख्याने निवडली आहे. तत्पूर्वी त्यांच्याच ‘उजव्या सोंडेचा गणपती’ या कथेचा तुलनेसाठी थोडक्यात विचार केला आहे.

नारळीकरांची निवड सोयीची आहे, तशी अडचणीचीही. ते स्वतः नामवंत खगोलशास्त्रज्ञ होते. केंब्रिज येथे फ्रेड हॉईल यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी संशोधन केले. १९७२ पासून ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते आणि १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या आयुका या संस्थेचे ते संस्थापक संचालक झाले. त्यामुळे त्यांच्या कथांतील विज्ञान ‘अधिकृत’ मानून पुढे जाण्याचा मोह होतो. वास्तविक त्यांचा कथालेखनातील प्रवेश हा अधिकार बाजूला ठेवून झाला होता. मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी १९७४ मध्ये ‘कृष्णविवर’ ही कथा त्यांनी नारायण विनायक जगताप या नावाने पाठविली. ज. वि. ना. ही स्वतःची आद्याक्षरे त्यांनी उलटी केली होती. कथेला पहिले पारितोषिक मिळाले ते या अनोळखी जगतापांना. ‘ब्लॅक होल’ ही संज्ञा जॉन व्हीलर यांनी रूढ केली ती १९६७ च्या सुमारास; म्हणजे अवघ्या सात वर्षांत ती संकल्पना मराठी कथेचा विषय झाली होती. १९७५ च्या कऱ्हाड साहित्य संमेलनाच्या अध्यक्षा दुर्गा भागवत यांनी या नव्या प्रकाराची दखल घेतली. २०२१ च्या नाशिक येथील ९४ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद नारळीकरांकडे आले. २० मे २०२५ रोजी त्यांचे पुण्यात निधन झाले. त्यानंतर त्यांच्या कार्याचा जो गौरव झाला त्यात ‘विज्ञानप्रसारक’ हा शब्द वारंवार आला, ‘कथाकार’ हा त्या मानाने कमी. ही नोंद प्रस्तुत विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

आरशातील माणूस : तीन कथा, तीन निवडी

एकाच वैज्ञानिक कल्पनेतून वेगवेगळे लेखक काय उचलतात हे पाहण्यासाठी डाव्या-उजव्याच्या अदलाबदलीची कल्पना उपयोगी पडते. कागदाच्या पट्टीला एक पीळ देऊन टोके जोडली की मोबियस पट्टी तयार होते. १८५८ मध्ये मोबियस आणि लिस्टिंग या दोन जर्मन गणितज्ञांनी तिचा स्वतंत्रपणे विचार केला. या पट्टीच्या प्रतलातच राहणारी एखादी सपाट आकृती पट्टीवरून एक फेरी मारून परत आली, तर तिचे डावे-उजवे उलटलेले असते. मग आपल्या त्रिमिती अवकाशालाच असा पीळ असेल, आणि त्यातून एखादा माणूस फिरून आला, तर?

एच. जी. वेल्स यांच्या १८९६ मधील ‘द प्लॅटनर स्टोरी’ या कथेत एक शाळामास्तर स्फोटात नाहीसा होतो आणि परततो तेव्हा त्याचे हृदय उजव्या बाजूला आलेले असते. वेल्सला त्यातून अदृश्य परलोकाचे दर्शन घडवावयाचे आहे. उलटलेले शरीर हा केवळ त्या प्रवासाचा पुरावा. आर्थर क्लार्क यांची १९४६ मधील ‘टेक्निकल एरर’ ही कथा याच कल्पनेला रसायनशास्त्राच्या वाटेने नेते. लुई पाश्चर यांनी १८४८ मध्ये टार्टारिक आम्लाच्या स्फटिकांचे डावे आणि उजवे असे दोन प्रकार वेगळे केले होते. सजीवांच्या शरीरातील प्रथिने आणि शर्करा यांचे रेणू असेच एका ‘हाताचे’ असतात. तेव्हा उलटलेला माणूस आपल्या जगातील अन्न खाईल, परंतु त्यातील पुष्कळसे त्याच्या अंगी लागणार नाही. भरल्या ताटावर बसून उपासमार, हे क्लार्कच्या नायकाचे दुर्दैव. वेल्सने ज्याला पुरावा मानले, त्यालाच क्लार्कने संकट केले.

नारळीकर या कल्पनेला तिसरीच दिशा देतात. त्यांच्या कथेत उलटते ती गणेशमूर्तीची सोंड आणि क्रिकेटच्या मैदानावरील एका गोलंदाजाचे डावे-उजवे. अन्नपचनाच्या प्रश्नाकडे कथेचा रोख नाही. मराठी वाचकाला उजव्या सोंडेचा गणपती म्हटला की त्याचे कडक सोवळे, सिद्धटेक, प्रभादेवीचा सिद्धिविनायक हे सारे क्षणात आठवते. मूर्तीची सोंड कोणत्या बाजूस आहे यावर ज्या समाजात पूजेचे नियम ठरतात, त्या समाजासाठी डाव्या-उजव्याचा भेद हा भूमितीचा प्रश्न राहत नाही. लेखकाने नेमक्या त्या ठिकाणी बोट ठेवले आहे. तथापि येथे हेही म्हणावे लागते की, श्रद्धेच्या या अंगाचा कथेने पुरेसा पाठपुरावा केलेला नाही. सोंड वळते, वाचक चकित होतो, आणि मग मोबियस पट्टीचे स्पष्टीकरण येते. विज्ञान आणि श्रद्धा समोरासमोर आणण्याची जी संधी शीर्षकाने निर्माण केली होती, ती चमत्कृतीत विरून जाते. कथा वाचनीय आहे, तिची कल्पना विलक्षण आहे. परंतु स्पष्टीकरण समजले की ती संपते.

येथे एक गोष्ट नमूद करणे उद्बोधक ठरेल. डिसेंबर २०२४ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात ३८ शास्त्रज्ञांनी एक इशारा प्रसिद्ध केला. आरशातील प्रतिमेप्रमाणे उलट रेणूंपासून बनलेले जिवाणू भविष्यात प्रयोगशाळेत तयार करता येऊ शकतील, आणि सजीवांच्या रोगप्रतिकार यंत्रणेला ते कदाचित ओळखताच येणार नाहीत, म्हणून अशा निर्मितीच्या मार्गाला जाऊ नये, असे त्यांचे म्हणणे होते. क्लार्कच्या कथेला १९४६ मध्ये जो उपासमारीचा प्रश्न दिसला, त्याच रेणूंच्या उजव्या-डाव्या घडणीतून हे दुसरे संकट उभे राहते. क्लार्कने भविष्य वर्तविले होते असे यावरून म्हणणे भाबडेपणाचे होईल. त्याने एका वस्तुस्थितीचा परिणाम प्रामाणिकपणे शेवटपर्यंत नेला, एवढेच. आणि म्हणून नवे विज्ञान आल्यावरही ती कथा जुनी झालेली नाही.

पानिपत : विज्ञानाचे दोन धागे

‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही कथा या दृष्टीने अधिक गुंतागुंतीची आणि अधिक समर्थ आहे. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे पुण्याहून मुंबईला निघाले आहेत. परंतु त्यांची गाडी जिजामाता एक्स्प्रेस आहे, वाटेत सरहद नावाच्या स्थानकावर परवाने तपासले जातात आणि पुढे डब्यांवर युनियन जॅक दिसतो. मुंबई ब्रिटिशांकडे आहे, उर्वरित देश मात्र स्वतंत्र आहे. मुलाच्या कचेरीचा पत्ता लागत नाही. तेव्हा पंत टाउन हॉलमधील ग्रंथालय गाठतात आणि या जगाचा इतिहास आपल्या जगापासून कोठे वेगळा झाला याचा शोध घेतात. तो बिंदू म्हणजे १४ जानेवारी १७६१. आपल्या इतिहासात विश्वासरावांना गोळी लागली आणि मराठ्यांचा धीर खचला; त्या इतिहासात ती गोळी कानाजवळून निघून गेली. पुढे आझाद मैदानावरील एका सभेत, अध्यक्षांची रिकामी खुर्ची पाहून पंत व्यासपीठावर चढतात, श्रोते खवळतात आणि त्या गोंधळात ते आपल्या जगात परततात. शेवटी राजेंद्र देशपांडे हा शास्त्रज्ञ मित्र या अनुभवाचा अर्थ लावतो.

राजेंद्र दोन सिद्धान्तांचा आधार घेतो. पहिला, कॅटॅस्ट्रोफी थिअरी. फ्रेंच गणितज्ञ रने तोम यांचा या विषयावरील ग्रंथ १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला. परिस्थितीतील घटक हळूहळू बदलत असतानाही एखाद्या क्षणी वर्तन अकस्मात एका अवस्थेतून दुसऱ्या अवस्थेत कसे उडी मारते, याचे हे गणित आहे. ब्रिटिश गणितज्ञ झीमन यांनी ते प्राण्यांच्या वर्तनापासून शेअर बाजारापर्यंत लावून दाखविले. त्यांचे कुत्र्याचे उदाहरण प्रसिद्ध आहे : राग आणि भीती एकाच वेळी वाढत गेली तर कुत्रा मध्यम प्रतिक्रिया देत नाही, तो एकतर अंगावर धावून येतो किंवा शेपूट घालून पळतो, आणि कोणते घडेल ते अगदी किंचित फरकावर ठरते. तुल्यबळ सैन्ये झुंजत असताना, एका नेत्याच्या पडण्याने सैन्याचे मनोधैर्य एकाएकी कोसळते, हे पानिपतचे चित्र या प्रतिमानात चपखल बसते.

दुसरा धागा पुंजसिद्धान्ताचा. बंदुकीतून सुटलेली गोळी कोठे जाईल ते सांगता येते, परंतु इलेक्ट्रॉन कोठे आढळेल ते निश्चितपणे सांगता येत नाही, असे राजेंद्र पंतांना समजावतो. मग जे जे शक्य ते ते सर्वच कोठेतरी घडत असेल काय? ह्यू एव्हरेट यांनी १९५७ मध्ये केलेली आणि १९७० मध्ये ब्राइस डिविट यांच्या लेखनामुळे सर्वत्र पोहोचलेली अनेक-विश्वांची मांडणी ती हीच.

यातील प्रेरणेचा प्रवाह एकाच दिशेने वाहत नाही, हेही ध्यानात घेतले पाहिजे. बोर्हेस यांची फाटे फुटणाऱ्या वाटांच्या बागेची कथा १९४१ मधील, म्हणजे एव्हरेटच्या सोळा वर्षे आधीची आहे. वॉर्ड मूर यांच्या १९५३ मधील ‘ब्रिंग द ज्युबिली’ या कादंबरीत एक इतिहासकारच १८६३ ची गेटिसबर्गची लढाई पाहण्यास भूतकाळात जातो आणि नकळत तिचा निकाल पालटतो. पर्यायी इतिहास ही कल्पना साहित्यात अगोदरपासून होती. नारळीकरांनी तिला भौतिकशास्त्राचे अधिष्ठान दिले, आणि इतिहास बदलणाऱ्या नायकाऐवजी तो केवळ वाचणारा नायक दिला.

गोळी आणि इलेक्ट्रॉन

राजेंद्रच्या स्पष्टीकरणात एक फट आहे आणि ती सहसा दाखविली गेलेली नाही. गोळीचा मार्ग निश्चित सांगता येतो, इलेक्ट्रॉनचा नाही, असे त्याचेच विधान आहे. परंतु कथेतील दोन इतिहासांना वेगळे करणारी वस्तू इलेक्ट्रॉन नसून विश्वासरावांच्या दिशेने आलेली गोळीच आहे! ज्या वस्तूच्या बाबतीत अनिश्चितता नाही असे कथेतील शास्त्रज्ञ सांगतो, तिच्याच मार्गाला दोन फाटे फुटल्यावर सारी कथा उभी आहे. कॅटॅस्ट्रोफी थिअरी ही फट भरून काढू शकत नाही, कारण ती मूलतः निश्चिततावादी आहे. तिच्यात लहान कारणाचा मोठा परिणाम होतो, पण एकाच कारणाचे दोन परिणाम होत नाहीत. म्हणजे मनोधैर्य का कोसळले याचे उत्तर एक सिद्धान्त देतो, अनेक जगे का असावीत याचे दुसरा. आणि गोळी का चुकली हा मधला दुवा मोकळाच राहतो.

हा दुवा साधणे अशक्य होते असे नाही. त्या काळच्या बहुतेक बंदुकांची नळी आतून गुळगुळीत असे आणि तीतून सुटलेली गोल गोळी सरळ रेषेत जाईलच याची शाश्वती नसे. दारूचे जळणे, नळीला होणारा स्पर्श, नेम धरणाऱ्याच्या स्नायूंची थरथर अशा असंख्य बारीक गोष्टींचा तिच्या मार्गावर परिणाम होतो. अत्यल्प फरक वाढत जाऊन परिणाम कसे पालटतात हे एडवर्ड लोरेन्झ यांनी १९६३ मध्ये हवामानाच्या समीकरणांवरून दाखविले होते. अणूंच्या पातळीवरील अनिश्चितता अशा मार्गाने गोळीपर्यंत पोहोचू शकते, असा युक्तिवाद राजेंद्रला करता आला असता. सूक्ष्म आणि स्थूल यांमधील सीमारेषा पूर्वी वाटत होती तितकी ठाम नाही, हेही पुढे दिसून आले. हातात धरता येईल एवढ्या विद्युत मंडलातही पुंज-परिणाम आढळतो हे १९८० च्या दशकाच्या मध्यावर केलेल्या प्रयोगांतून दाखविणाऱ्या जॉन क्लार्क, मिशेल देव्होरे आणि जॉन मार्टिनिस यांना २०२५ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले.

मग या फटीमुळे कथा पडते काय? पहिल्या परिच्छेदातील प्रश्नांनी तिची परीक्षा घेतली तर गुण कापावे लागतील. त्यात आणखी एक गोष्ट अशी की, कॅटॅस्ट्रोफी थिअरीचा सत्तरच्या दशकातील दबदबा पुढे टिकला नाही. समाजशास्त्रीय घटनांना ती सरसकट लावण्यावर झाहलर आणि सुसमान यांनी १९७७ मध्ये ‘नेचर’मध्ये कठोर टीका केली. गणित म्हणून ती शाबूत राहिली. सर्व संकटांची गुरुकिल्ली म्हणून तिचा जो गवगवा झाला तो ओसरला. अनेक-विश्वांची मांडणी तर आजही पुंजसिद्धान्ताचा एक अर्थ आहे. प्रयोगाने सिद्ध झालेली वस्तुस्थिती नव्हे. असे असूनही कथा आजच्या विद्यार्थ्याला खिळवून ठेवते. तेव्हा तिचे बळ राजेंद्रच्या व्याख्यानात नाही. ते अन्यत्र शोधले पाहिजे.

ग्रंथालयातील शोध

ते बळ टाउन हॉलच्या ग्रंथालयात आहे. अपरिचित जगात सापडलेला माणूस ओरडेल, पोलिसांकडे जाईल, स्वतःला वेडा समजेल. गंगाधरपंत यांपैकी काही करीत नाहीत. सरहद स्थानक, डब्यांवरील निशाण, कंपनीची कचेरी अशी निरीक्षणे ते मनाशी जुळवतात. हा देश ब्रिटिशांच्या हाती पूर्णपणे गेलेला नाही असा तर्क बांधतात. आणि मग स्वतःच लिहिलेल्या इतिहासाचे पाच खंड मागवतात. पहिले चार खंड ओळखीचे आहेत. बदल आहे तो पाचव्यात. ते पाचव्या खंडाच्या शेवटाकडून मागे मागे येत पानिपतापर्यंत पोहोचतात आणि तेथून ‘भाऊसाहेबांच्या बखरी’कडे वळतात. ज्या कोणी प्रयोगशाळेत बिघडलेल्या उपकरणातील दोष टप्प्याटप्प्याने एका जोडणीपर्यंत आणून सोडला असेल, त्याला ही पद्धत ओळखीची वाटेल. येथे विज्ञान सांगितले जात नाही, केले जाते. विशेष म्हणजे ते करणारा इतिहासाचा प्राध्यापक आहे. आणि त्याची साधने बखर, अनुक्रमणिका व दोन पाठांची तुलना ही आहेत.

पुराव्याचा प्रश्नही कथेने असाच हाताळला आहे. राजेंद्र प्रथम पंतांच्या अनुभवाला भ्रम समजतो. अपघात झालेल्या माणसाची हकीकत तो शास्त्रज्ञ म्हणून का मान्य करील? पंतांच्या खिशात राहून गेलेले बखरीचे पान आणि घरच्या प्रतीतील तेच पान शेजारी ठेवल्यानंतरच त्याला आपले मत बदलावे लागते. त्यानंतरही, ट्रकशी टक्कर होत असताना पंत कॅटॅस्ट्रोफी थिअरी आणि पानिपत यांचाच विचार करीत होते, म्हणून मेंदूतील पेशींनी कळ दाबली असावी, हे तो तर्क म्हणूनच मांडतो. ज्ञात विज्ञान कोठे संपते आणि कल्पित कोठे सुरू होते ती सीमा लेखकाने झाकलेली नाही. तंत्राच्या बेडौल शब्दांनी ती झाकणाऱ्या अनेक मराठी विज्ञानकथा वाचल्यानंतर या प्रामाणिकपणाचे मोल कळते.

विश्वोत्पत्तीच्या रूढ महास्फोट सिद्धान्ताला पर्याय शोधण्यात ज्या शास्त्रज्ञाने आयुष्याचा मोठा भाग वेचला, त्याने ‘दुसरे काय घडू शकले असते’ या प्रश्नावर कथा लिहावी, यात योगायोगापेक्षा स्वभावाचा भाग अधिक असावा.

पर्यायी इतिहासातील न पडलेले प्रश्न

कथेची खरी मर्यादा गोळीच्या मार्गात नसून गोळी चुकल्यानंतरच्या दोनशे वर्षांत आहे. पंत ग्रंथालयात जे वाचतात ते थोडक्यात असे : विजयी मराठ्यांचा दबदबा वाढला, कंपनी काही किनारी ठाण्यांपुरती उरली, दिल्लीची गादी नामधारी राहिली, एकोणिसाव्या शतकात पेशव्यांनी युरोपातील तंत्रयुगाचे महत्त्व ओळखून स्वतःची विज्ञानकेंद्रे उभारली, विसाव्या शतकात देश लोकशाहीकडे वळला. हा इतिहास राज्यकर्त्यांचा आहे. त्या जगात शेतकऱ्याचे, बलुतेदाराचे, अस्पृश्यांचे काय झाले? १८४८ मध्ये पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा काढली ती पेशवाई जाऊन तीस वर्षे झाल्यावर. अखंड पेशवाईच्या पुण्यात ती शाळा निघाली असती काय, निघाली असती तर कोणत्या संघर्षातून, हे प्रश्न कथेला पडत नाहीत. कथा लहान आहे, आणि पंत ग्रंथालयाच्या वेळेत वाचत आहेत, हे मान्य. परंतु आक्षेप पुरोगामी अपेक्षेचा नसून पद्धतीचा आहे. एक घटक बदलावयाचा आणि त्याचे परिणाम जेथे जेथे जातील तेथे तेथे त्यांचा माग काढावयाचा, ही वैचारिक प्रयोगाची अट आहे. क्लार्कने उलटलेल्या शरीराबाबत ती पाळली. येथे विज्ञानकेंद्रे उभी राहतात, परंतु त्या केंद्रांत शिकण्यास कोणाला प्रवेश होता ते कळत नाही. आणि जेथे शिक्षणाचा अधिकारच जन्माने ठरत होता, तेथे केवळ राज्यकर्त्यांच्या दूरदृष्टीने विज्ञान रुजले असते, हे गृहीत धरणे विज्ञानाच्या सामाजिक इतिहासाला धरून नाही. पराभवाची सल भरून काढण्याच्या ओढीने येथे लेखकातील शास्त्रज्ञावर मात केलेली दिसते.

तरीही ही ओढ कथेला मराठी मनाशी बांधते. विश्वास तर पानिपतातच गेला, असे आपण सहज बोलून जातो. आणि एखाद्याची पुरती फजिती झाली की त्याचे पानिपत झाले म्हणतो. कथेने पहिल्या म्हणण्यातला विश्वास परत आणला आणि दुसऱ्या म्हणण्याचा शब्दशः प्रयोग आझाद मैदानावर केला. ९९९ सभांचे अध्यक्षपद भूषविलेल्या पंतांना ती रिकामी खुर्ची सहन होत नाही. त्या जगातील श्रोत्यांनी मात्र अध्यक्षीय भाषणांची प्रथा केव्हाच मोडीत काढली आहे. त्यांना वक्ता ऐकावयाचा आहे आणि प्रास्ताविक, आभार यांचा कंटाळा आला आहे. मराठ्यांनी जिंकलेल्या पानिपताच्या जगात पानिपत होते ते पंतांचे, आणि तेही एका खुर्चीपायी. इतिहासाच्या गंभीर पटावरून मराठी सभाजीवनावरील या विनोदाकडे कथा वळते तेव्हा काही समीक्षकांना सूर बदलल्यासारखा वाटेल. वस्तुतः हाच प्रसंग पर्यायी जगाला जिवंत करतो. राजवटी आणि तह बदललेले वाचक मान्य करतो. सभेला अध्यक्ष नाही, हे वाचल्यावर मात्र आपण खरोखरच दुसऱ्या जगात आलो आहोत अशी त्याची खात्री पटते. हजारावे अध्यक्षस्थान पंत अखेरीस नाकारतात. त्या नकारात गोळी, इलेक्ट्रॉन आणि तोम यांचे गणित यांपैकी काहीही नाही, परंतु त्या साऱ्यांतून जाऊन आलेला माणूस आहे.

ही कथा इंग्रजी रूपात राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेच्या अकरावीच्या ‘हॉर्नबिल’ या पाठ्यपुस्तकात समाविष्ट झाली आणि देशभरातील विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचली. पाठाबरोबर पुंजसिद्धान्तावर टिपणे आली, प्रश्न आले. तेथे तिचे नाव ‘द अॅडव्हेंचर’ असे आहे. शीर्षकातील पानिपत हा शब्द त्यात उरलेला नाही.